एका शाळेतील दोन शिक्षक : स्पर्धा व स्नेह यांविषयी एक पाठ

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. एकाच कचेरीत, एकाच दुकानात किंवा एकाच शाळेत दोन तुल्यबळ माणसे काम करू लागली आणि दोघांपैकी कोणीही मागे राहण्यास तयार नसला, म्हणजे पाहणारे ही म्हण उच्चारतात, ऐकणारे मान डोलवितात, आणि प्रश्न सुटला असे सर्वांस वाटते. वस्तुतः विचारास आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे. कारण तलवारीस मन नसते. मनुष्यास ते असते. तलवार म्यानात जागा मागते. मनुष्य सहकाऱ्यापाशी जागेखेरीज आदर, विश्वास व सोबत याही गोष्टी मागतो. यास्तव दोन कर्तबगार माणसे एकत्र नांदू शकतात किंवा नाही, हे म्हणीवरून न ठरविता इतिहासावरून ठरविणे बरे.

हा विषय आमच्या विद्यार्थ्यांच्या व विद्यार्थिनींच्या दृष्टीने दूरचा नाही. आज वर्गात पहिल्या क्रमांकासाठी ज्यांची चढाओढ चालते तेच उद्या एखाद्या भाताच्या गिरणीत, रेल्वेच्या कचेरीत, रुग्णालयात अथवा शाळेत एकमेकांच्या शेजारी बसून काम करतील. आयुष्यातील जागेपणीचा फार मोठा भाग मनुष्य आपल्या आप्तांपेक्षाही सहकाऱ्यांच्या संगतीत घालवितो. आप्त जन्माने मिळतात, मित्र आपण निवडतो. सहकारी मात्र बहुधा आपण निवडलेला नसतो. त्याच्याशी कसे वागावे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सांगितलेले नसते. म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन सहकाऱ्यांचे उदाहरण घेऊन आम्ही या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहो. ते दोन सहकारी म्हणजे बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर.

या दोघांची नावे घेताना आपल्यापुढे दोन पुतळे उभे राहतात. एक लोकमान्य, दुसरा सुधारक. परंतु १८८० च्या सुमारास ते पुतळे नव्हते. एकाच शाळेत शिकविणारे, एकाच छापखान्यात मजकूर पाहणारे आणि पंचविशीच्या आसपास असलेले ते दोन शिक्षक होते. त्यांच्या वयात अवघ्या नऊ दिवसांचे अंतर होते. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. टिळकांचा त्याच महिन्याच्या २३ तारखेस रत्नागिरीस झाला. वय सारखे, परंतु परिस्थिती निराळी. टिळकांचे वडील शिक्षणखात्यात नोकरीस होते व घरी थोडीबहुत मालमत्ता होती. आगरकरांच्या घरी दारिद्र्य होते. पडेल ते काम करून, ओळखीच्यांच्या घरी आश्रय घेऊन त्यांनी विद्या संपादिली. त्यांच्या शालेय शिक्षणाचा शेवटचा भाग आपल्या विदर्भातील अकोल्यास पुरा झाला, आणि तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वान गृहस्थाचे साहाय्य त्यांस लाभले, ही गोष्ट आम्हां विदर्भवासीयांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्यास कॉलेजात असता त्यांच्यापाशी एकच सदरा होता व तो रात्री धुऊन ते सकाळी पुन्हा घालीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. परिस्थितीतील हा फरक वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या दोघांची गाठ पडली. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम. ए. च्या परीक्षेची तयारी करीत होते. टिळकांचा ओढा गणित व संस्कृत यांकडे, तर आगरकरांचा इतिहास, तर्क व तत्त्वज्ञान यांकडे. मिल्ल व स्पेन्सर या आंग्ल ग्रंथकारांच्या विचारांनी आगरकरांचे मन भारले होते. दोघांसही वाद प्रिय होता. तथापि वाद करून करून दोघे एकाच निश्चयास येऊन पोहोचले : सरकारी नोकरीच्या मागे न लागता आपल्या लोकांस शिक्षण देण्यात आयुष्य घालवावे. एम. ए. झालेल्या तरुणास त्या काळी मोठ्या पगाराची जागा सहज मिळत असे. आईने मुलाच्या पगारावर बांधलेल्या आशा मोडाव्या लागणार, हे ओळखून आगरकरांनी तिला पत्र लिहिले आणि आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानणार असल्याचे कळविले. ते पत्र आजही महाराष्ट्रात आदराने स्मरले जाते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली होती. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा निघाली. टिळक आरंभापासून तेथे होते. आगरकर परीक्षा आटोपून त्यांस मिळाले. पुढील वर्षी, म्हणजे जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळीने दोन वृत्तपत्रे काढली : इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’. ‘केसरी’ आगरकरांच्या हाती होता, ‘मराठा’ टिळकांच्या. छापखान्याचे सामान हलविताना या पदवीधरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहिल्या, असेही सांगतात.

येथे कामाची वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. ज्यास जे चांगले येत होते ते त्याजकडे गेले. आगरकरांच्या मराठीत तर्काची धार व विनोदाची चमक होती. पुढे वाक्यमीमांसेवर ग्रंथ लिहिण्याइतका त्यांनी भाषेच्या घडणीचा विचार केला होता. टिळकांची बुद्धी कायद्याच्या मुद्द्यांत व युक्तिवादाच्या बळकटीत रमणारी. दोघांत ईर्षा नव्हती असे कोण म्हणेल? दोन बुद्धिमान तरुण शेजारी शेजारी काम करीत असता आपले लेखन दुसऱ्याच्या लेखनाहून उतरू नये असे वाटणारच. परंतु त्या ईर्षेचे फळ संस्थेच्या पदरात पडत होते. एकाचा लेख चांगला साधला की दुसऱ्यास आपला लेख अधिक साधावासा वाटे, आणि दोन्ही पत्रे वाढत. जोवर दोघांचे साध्य एक आहे तोवर चढाओढ ही शक्ती असते.

याचा दाखला आपल्या धानाच्या बांधीत मिळतो. रोवणीच्या दिवसांत बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत रोपे लावीत जातात. कोणाचा हात पुढे आहे, कोणाची पात मागे राहिली, यावर थट्टा चालते, टोमणे बसतात आणि त्या ईर्षेने सर्वांचेच हात भरभर चालतात. सायंकाळी बांधी हिरवी होते, ती एकीची नव्हे, सर्वांची होते. आपली पात पुढे जावी म्हणून शेजारणीची रोपे उपटणारी बाई मात्र आम्ही अद्याप पाहिली नाही. स्पर्धा व मत्सर यांतील अंतर ते एवढेच. स्पर्धा म्हणते, मी वर चढावे. मत्सर म्हणतो, तो खाली यावा. पहिलीने दोघे वाढतात. दुसऱ्याने दोघेही घटतात, आणि मत्सर करणारा आधी घटतो.

या सहवासाची पहिली मोठी परीक्षा लवकरच झाली. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींचा छळ होतो आहे अशा वार्तेने महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्या संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली व त्यांच्या नावची म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे प्रसिद्धीस आली. ती पत्रे बनावट ठरली. दोन्ही संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तरी अब्रुनुकसानीचा खटला चालून जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. खटला चालू असता जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी त्यांच्या जामिनाची सोय केली होती. जोतीरावांचे व या पत्रांचे विचार पुष्कळ बाबतींत विरुद्ध होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साहाय्याची थोरवी कळते.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे एकाच खोलीत राहिले. सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. देशाची स्थिती, शिक्षण, धर्म, रूढी अशा विषयांवर रात्री त्यांचे वाद रंगत आणि आवाज इतका चढे की पहारेकऱ्यास येऊन दटावावे लागे. मतभेद त्या वेळीही होते व ते लहान नव्हते. परंतु एक घोंगडी, एकच दार, एकच शिक्षा अशा स्थितीत ते मतभेद स्नेहास मारक न होता पोषकच झाले. कारण वाद संपल्यावर दोघांस त्याच खोलीत निजावयाचे होते. वादानंतर एकत्र राहण्याची गरज असली म्हणजे मनुष्य शब्द जपून वापरतो.

सुटून आल्यावर काम वाढले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत. शाळेपासून कॉलेजापर्यंत पाच वर्षांत पोहोचलेली ही संस्था पाहून कोणासही वाटले असते की, या मैत्रीस आता धोका उरला नाही. परंतु संकटात जी मैत्री टिकते ती यशात टिकेलच असे नाही. संकटात एक शत्रू समोर असतो. यश मिळाले म्हणजे प्रत्येकास आपापली दिशा दिसू लागते.

पहिला भेद विचाराचा होता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि सर्व हिंदुस्थानात वाद माजला. पाठोपाठ रखमाबाईंचा खटला आला. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य करून पतीच्या घरी जाण्यास एक सुशिक्षित स्त्री नकार देते, तर कायद्याने तिला भाग पाडावे काय, हा तो प्रश्न. आगरकर म्हणत, जी रूढी असहाय मुलींवर जुलूम करते ती तर्काच्या कसोटीस लावून टाकून दिली पाहिजे, आणि जेथे उपदेश पुरत नाही तेथे कायद्याचे साहाय्य घेण्यात गैर काही नाही. टिळक म्हणत, परक्या सरकारच्या हाती आपल्या घराची किल्ली देऊ नये; लोक शिक्षणाने शहाणे झाले म्हणजे सुधारणा आपोआप होतील, आणि आधी लोकांस एकत्र करून राजकीय हक्क मिळविले पाहिजेत. एकाच्या डोळ्यांपुढे घरातील अश्रू होते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे देशाच्या पायांतील बेडी होती.

‘केसरी’च्या संपादकाचे मत व त्याच्या सहकाऱ्यांचे मत असे वेगळे झाल्यावर पत्र चालावे कसे? काही काळ तडजोडी झाल्या. परंतु जे आपणांस पटत नाही ते आपल्या लेखणीने निघू देणे आगरकरांस शक्य नव्हते, आणि जे आपणांस पटत नाही ते आपल्या पत्रातून प्रसिद्ध होऊ देणे टिळकांस रुचत नव्हते. अखेर ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. पुढील वर्षी १५ ऑक्टोबरला त्यांनी स्वतःचे ‘सुधारक’ पत्र सुरू केले. त्याचा इंग्रजी भाग त्यांचे तरुण सहकारी गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

दुसरा भेद पैशाचा होता, आणि विद्यार्थिमित्रहो, सहकाऱ्यांतील बहुतेक भांडणांच्या मुळाशी हाच भेद निघतो. टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सभासदांनी ठराविक अल्प वेतनाहून अधिक घेऊ नये, बाहेरची मिळकत करू नये व आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा. यासाठी ते येशूसंघाच्या साधूंचा, म्हणजे जेझुइटांचा, दाखला देत. मठातील साधूप्रमाणे शिक्षकाने निःस्पृह राहावे, ही कल्पना उदात्त होती यात शंका नाही. परंतु साधूस बायकामुले नसतात. ज्याच्या घरी वडिलार्जित आधार आहे त्यास जो नियम सोसतो, तोच ज्याच्या घरी काही नाही त्यास कितपत सोसेल? आगरकरांस दम्याचा विकार, संसाराचा भार आणि वेतनावाचून दुसरा आधार नाही. वेतनात थोडी वाढ असावी, गरजेच्या वेळी साहाय्य मिळावे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूस ते उभे राहिले. टिळकांस हा मूळ व्रताचा भंग वाटला. आगरकरांस तो माणुसकीचा प्रश्न वाटला. नियम चुकीचा नव्हता, गरजही खोटी नव्हती. अशा वेळी निवाडा करणे जड जाते, आणि निवाडा झाला नाही म्हणजे जुने बोल आठवू लागतात.

१८९० मध्ये गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा बाहेरच्या कामाचा वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. जी शाळा त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारली, जेथे दहा वर्षे गणित शिकविले, तिचा त्यांनी निरोप घेतला. आपल्या राजीनाम्यासोबत त्यांनी जो दीर्घ खुलासा लिहिला, त्यात या वियोगाचे दुःख लपलेले नाही.

आता दोघे दोन पत्रांचे धनी, एकाच शहरात समोरासमोर उभे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून त्यांच्या लेखण्या खऱ्याखुऱ्या तलवारी झाल्या. मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करणारा तो कायदा. आगरकर त्याचे कैवारी, टिळक त्याचे विरोधक. वादात मुद्दे होते, पण मुद्द्यांच्या जोडीस बोचरे शब्दही होते. एकमेकांस आतून ओळखणारी माणसे भांडू लागली म्हणजे घाव नेमका कोठे घालावा हे त्यांस परक्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. पुण्यातील सनातनी विरोधकांनी तर आगरकर जिवंत असता त्यांची प्रेतयात्रा काढली. असल्या प्रकारांत टिळकांचे मन रमले असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु दोन नेत्यांच्या भांडणात त्यांचे अनुयायी नेत्यांहून दहा पावले पुढे जातात, ही गोष्ट तेव्हाही खरी होती, आजही आहे.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे निवर्तल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. परंतु शरीर थकले होते. १७ जून १८९५ रोजी, वयास ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आपल्या उशाशी बांधून ठेविले होते, असे चरित्रकार सांगतात. आपल्या मागे कोणास भार पडू नये, एवढी दक्षता त्या निर्धन मनुष्याने घेतली. शेवटच्या आजारात टिळक त्यांस भेटून आले होते, असेही सांगतात. आणि ‘केसरी’तील मृत्युलेख लिहिताना, ज्या लेखणीस एरवी क्षणाचाही विलंब लागत नसे ती वारंवार थांबे व डोळ्यांतून अश्रू येत, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. त्या लेखात टिळकांनी मतभेद झाकले नाहीत. परंतु आपल्या जुन्या सोबत्याच्या बुद्धीचा, निःस्पृहतेचा व लेखणीचा गौरव खुल्या मनाने केला. विश्राम बेडेकर यांनी पुढे ‘टिळक आणि आगरकर’ या नावाचे नाटकच लिहिले, यावरून या नात्याचा चटका मराठी मनास किती काळ लागून राहिला हे दिसते.

या कथेचा निष्कर्ष कोणता? काही जण म्हणतील, पाहा, म्हणच खरी ठरली. आम्हांस तसे वाटत नाही. देशाच्या दृष्टीने पाहता दोघांचाही मार्ग मुक्कामास पोहोचला. टिळकांनी ज्या राजकीय हक्कासाठी पुढे मंडालेचा तुरुंगवास सोसला तो हक्क १९४७ मध्ये मिळाला. आगरकरांनी ज्या मुलींचा कैवार घेतला त्यांच्यासाठी आज विवाहाचे वय कायद्याने १८ वर्षे आहे, आणि आमच्या शाळेत मुले व मुली एकाच वर्गात शिकतात. देशास दोघांची गरज होती. चूक होती ती एवढीच की, आपल्या वाट्यास आलेले अर्धे सत्य म्हणजेच पूर्ण सत्य असे प्रत्येकास त्या त्या क्षणी वाटले. आणि हानी झाली ती अशी की, जी दोन माणसे एका खोलीत बसून रात्रभर वाद करू शकत होती ती शेवटच्या काही वर्षांत केवळ छापील कागदावरून बोलू लागली. कागदास मुद्रा नसते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांतील ओलावा त्यावर उमटत नाही.

पवित्र शास्त्रातही असा एक प्रसंग आहे. पौल व बर्णबा हे सुवार्तेच्या कामातील दोन सहकारी. ज्या दिवसांत कोणी पौलावर विश्वास ठेवीत नव्हते त्या दिवसांत बर्णब्यानेच त्यास हात दिला होता. पुढे दुसऱ्या प्रवासास निघताना योहान मार्क यास सोबत न्यावे किंवा नाही यावरून दोघांत तीव्र मतभेद झाला. कारण तो तरुण पूर्वी अर्ध्या वाटेवरून परतला होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात हे भांडण लपविलेले नाही. एक कुप्रास गेला, दुसरा सूरियाकडे गेला. काम मात्र एकाचे दोन झाले. आणि वार्धक्यात पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात याच मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, अशा आशयाची सूचना आढळते. ज्याच्यावरून भांडण झाले त्याचा गुण मान्य करण्यास पौलास कमीपणा वाटला नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. जॉन ॲडम्स व थॉमस जेफर्सन यांनी १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी एकाच समितीत काम केले. पुढे ते दोन पक्षांचे पुढारी झाले, १८०० च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिले व कित्येक वर्षे परस्परांशी बोलले नाहीत. बेंजामिन रश या उभयतांच्या मित्राने मध्यस्थी केली आणि १८१२ पासून त्यांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. तो चौदा वर्षे चालला. १८२६ च्या ४ जुलै रोजी, जाहीरनाम्यास ५० वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, दोघांचेही देहावसान झाले. त्यांस दोन गोष्टी लाभल्या ज्या टिळक-आगरकरांस लाभल्या नाहीत : दीर्घायुष्य आणि एक चिकाटीचा मध्यस्थ. आयुष्य आपल्या हाती नाही. मध्यस्थ होणे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.

यावरून आमच्या तरुण वाचकांनी चार गोष्टी गाठीस बांधाव्यात. पहिली ही की, स्पर्धा करावी, परंतु ती कामाशी करावी. सोबत्याचा गुण पाहून आपला गुण वाढवावा, त्याचा दोष पाहून समाधान मानू नये. दुसरी ही की, पैशाचे व वेळेचे नियम मैत्री गोड आहे तोवरच स्पष्ट ठरवावेत, आणि ठरविताना ज्याच्या घरी सर्वांत कमी आहे त्याच्या घरावरून ठरवावेत. तिसरी ही की, मतभेद झाल्यास प्रथम तोंडाने बोलावे, मग लिहावे. आजच्या काळात हातातील भ्रमणध्वनीवरून चार कठोर शब्द धाडणे फार सोपे झाले आहे. म्हणून तर हा नियम आज अधिकच पाळावयास हवा. चौथी ही की, दोन मित्र भांडत असता आपण कोणा एकाचे अनुयायी होऊन आगीत तेल ओतू नये. शक्य तर रशसारखे व्हावे.

एका म्यानात दोन तलवारी कदाचित राहत नसतील. परंतु एका जुवाखाली दोन बैल निश्चित चालतात. आपल्याकडे शंकरपट पाहणारा प्रत्येक शेतकरी जाणतो की, जोडीतील एक बैल आळशी असला तर छकडा मागे पडतो, आणि एकच बेफाम धावला तर तो वाकडा जातो. जोडी जिंकते ती दोन्ही बैल तेज असतात व धुरकऱ्याचा कासरा दोघांसही मान्य असतो म्हणून. सहकाऱ्यांच्या बाबतीत हा कासरा म्हणजे समान ध्येय. ते हातचे सुटले तर तेजच घातक होते.

असो. वार्षिक परीक्षेचा निकाल लागेल तेव्हा प्रत्येक वर्गात एक पहिला येईल व एक दुसरा. पहिल्याने दुसऱ्याच्या घरी जावे, दुसऱ्याने पहिल्याचे अभिनंदन मनापासून करावे, आणि त्यानंतर दोघांनी बसून एखाद्या प्रश्नावर खुशाल वाद घालावा. वाद मिटला नाही तरी चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर एकमेकांस हाक मारण्यास विसरू नये.